लेबलावरचं साल आणि बाहीची दुमड: एका जुन्या लोकरी ओव्हरकोटाच्या विक्रीचं प्रकरण

मला फोन आला तो जाहिरातीचा मजकूर तपासून द्या म्हणून. मजकूर तीन वाक्यांचा होता: "दुसऱ्या महायुद्धातला अस्सल अमेरिकन लष्करी ओव्हरकोट. शुद्ध लोकर. उत्तम स्थिती." कोट एका काकांचा. ते गेल्यावर घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेला. विकायला काढणारा त्यांचा पुतण्या. काकूंना कोट घरात ठेवायचा नव्हता, पण टाकूनही द्यायचा नव्हता. कुणीतरी तो घालावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मी बरीच वर्षं जुने लोकरी कपडे तपासते, दुरुस्त करून घेते आणि विक्रीसाठी त्यांची वर्णनं लिहिते, म्हणून तो माझ्याकडे आला. "ताई, फक्त भाषा बघा, बाकी सगळं झालंय," असं म्हणाला.

बाकी काहीच झालेलं नव्हतं. पहिलं वाक्य चुकीचं निघालं, तिसरंही चुकीचं निघालं, आणि दुसरं मला अजूनही पूर्णपणे सिद्ध करता येणार नाही. जुना कोट विकणारी बहुतेक माणसं याच तीन ठिकाणी अडकतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. शिवाय एका चौथ्या ठिकाणी मी स्वतः चुकले, तेही यात आहे.

लष्करी नव्हे

पुतण्याचा तर्क मला समजत होता. रंग खाकीकडे झुकणारा तपकिरी-हिरवा. कापड जाड. काट्यावर कोट 2 किलो 600 ग्रॅम भरला. काका अमेरिकेत शिकलेले, आणि घरात लहानपणापासून "काकांचा मिलिटरी कोट" असंच सगळे म्हणत आलेले. पण सैन्याचा कपडा सरकारी कंत्राटावर शिवलेला असतो आणि तसं तो स्वतःच सांगतो. युद्धकाळातल्या अमेरिकन लष्करी कपड्यांत आतल्या खिशापाशी एक साधं कापडी लेबल असतं. त्यावर वस्तूचं नाव, माप, कंत्राटाचा क्रमांक आणि तारीख छापलेली असते. इथे तसं काही नव्हतं. काढून टाकलेल्या लेबलाच्या टाक्यांची भोकंही अस्तरावर नव्हती.

कोटाची ठेवणही सैन्याची नव्हती. त्या सैन्याचा लोकरी ओव्हरकोट दोन रांगा बटणांचा, मेल्टन कापडाचा. मेल्टन म्हणजे विणून झाल्यावर इतकं आटवलेलं कापड की त्याची वीण दिसेनाशी होते आणि पृष्ठभाग नमद्यासारखा सपाट होतो. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमधलं मेल्टन मोब्रे हे गाव त्या नावामागे आहे. आमच्या कोटावर मात्र हेरिंगबोनची वीण स्पष्ट दिसत होती, माशाच्या काट्यासारखी उलटसुलट तिरपी. बटणांची एकच रांग, तीही कापडाच्या पट्टीखाली झाकलेली. आणि बाह्या रॅग्लन, म्हणजे खांद्यावर शिवण नाही, बाहीचं कापड थेट गळ्यापर्यंत गेलेलं. (ज्या लॉर्ड रॅग्लनचं नाव या बाहीला आहे, त्याचा उजवा हात 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. म्हणजे लढाईशी संबंध आहे, पण तो एवढाच.) हा रस्त्यावरच्या माणसाचा, आगगाडीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाचा कोट होता.

पुतण्या खट्टू झाला. 'महायुद्ध' हा शब्द गेला की किंमत उतरणार हे त्याला कळत होतं, आणि ते खरंही होतं. त्याने मनात धरलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोड्या जास्त किमतीला शेवटी कोट गेला. मी त्याला एवढंच म्हटलं, "लष्करी वस्तू जमवणारा गिऱ्हाईक पेटी उघडल्यावर पहिल्या मिनिटाला हे ओळखेल. मग तुझ्याकडे परत आलेला कोट असेल आणि गेलेला विश्वास."

1949 हे कशाचं साल?

जुन्या कोटात बघायच्या जागांपैकी सगळ्यात महत्त्वाची म्हणजे छातीच्या आतल्या खिशाचं पोट. तिथे हात सगळे घालतात, नजर कुणी घालत नाही. खिशाचं अस्तर बाहेर उलटवलं आणि तळाशी टाचलेलं बोटभर लेबल दिसलं: अमॅल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स ऑफ अमेरिका, या संघटनेच्या कामगारांनी शिवलेलं. आणि बारीक अक्षरात 1949.

पुतण्याने लगेच मजकूर बदलला: "1949 सालचा." चुकायला सगळ्यात सोपी जागा हीच. ते साल कोटाचं नाही, लेबलाच्या नमुन्याच्या हक्काचं आहे. संघटनेने 1949 साली लेबलाचा नवा नमुना आणला आणि 1962 साली पुन्हा बदलला. मधल्या तेरा वर्षांत शिवलेल्या कपड्यांवर 1949 असंच छापलेलं असतं. जुन्या नाण्यावर टांकसाळीचं साल असतं तसं हे नाही. वहीच्या कागदावर गिरणीची खूण असावी तसं आहे, वही कधी लिहिली ते त्यावरून कळत नाही. 'नेमकं 1949' म्हणून विकले जाणारे कितीतरी कोट मी पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेचसे त्यानंतरचे असतात.

या लेबलाबद्दल मला आदर आहे, म्हणून थोडं थांबते. 1910 च्या सप्टेंबरमध्ये शिकागोतल्या एका मोठ्या कपडे कारखान्यात नगामागची मजुरी कापली गेली, तेव्हा काही तरुण शिवणकामगार मुली काम टाकून बाहेर पडल्या. त्यांच्यामागून हळूहळू 40,000 च्या आसपास कामगार संपावर गेले. त्या संपातून पुढे आलेल्या मंडळींनी 1914 साली ही संघटना उभी केली. सिडनी हिलमन तिचे पहिले अध्यक्ष. पुरुषांच्या कपड्यांचा धंदा हे तिचं क्षेत्र. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्यांची मोठी संघटना वेगळी होती, आणि जुन्या कपड्यांत तिचं लेबलही वेगळं दिसतं. 1976 मध्ये अमॅल्गमेटेड दुसऱ्या एका संघटनेशी एकत्र झाली आणि लेबलांवरचं नाव बदललं. कोटाच्या खिशात बोटभर कापड टाचण्यामागे एवढं सगळं होतं: हा कोट ज्यांनी शिवला त्यांच्याशी मालकाने करार केलेला आहे, हे गिऱ्हाइकाला कळावं. आज आपण तेच लेबल वय ठरवायला वापरतो.

म्हणजे पट्टा ठरला: 1949 ते 1962. आता तो दुसऱ्या बाजूने तपासायचा. एकाच खुणेवर मी कधीच थांबत नाही. पाठीच्या वरच्या बाजूला, आत, विकणाऱ्या दुकानाचं विणलेलं लेबल होतं. दुकानाच्या नावाखाली 'शिकागो 2' आणि राज्याचं जुन्या पद्धतीचं संक्षिप्त नाव. शहराच्या नावापुढचा हा एकटा आकडा म्हणजे टपाल विभाग. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांना टपालखात्याने 1943 मध्ये असे विभाग दिले आणि 1 जुलै 1963 पासून आपल्या पिनकोडसारखा पाच आकडी झिप कोड आणला. शिकागोचा विभाग 2 झाला 60602. म्हणजे हे लेबल विणायला दिलं तेव्हा झिप कोड आलेला नव्हता.

जे नाही, तेही वाचायचं असतं. 1964 मध्ये सुरू झालेलं वूलमार्कचं, म्हणजे लोकरीची ग्वाही देणारं चिन्ह, ते लोकरीच्या गुंड्यासारखं वळसेदार, या कोटावर नव्हतं. धुण्याच्या सूचनांचं लेबल नव्हतं, जे अमेरिकेत 1972 पासून बंधनकारक झालं. नसणं हा कच्चा पुरावा, कारण लेबल उसवता येतं, पण बाकीच्यांना तो छेद देत नव्हता. कॉलरची टोकं आणि लॅपल (छातीवर उलटलेल्या पट्ट्या) अरुंद, खांदे नैसर्गिक उताराचे. चाळिसाच्या दशकातले रुंद, भरीव खांदे इथे नव्हते. त्यावरून माझा कल पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धाकडे होता. जाहिरातीत मात्र मी कल लिहिला नाही, पट्टाच लिहिला.

मग काकांनी तो घेतला कधी?

सहज म्हणून मी पुतण्याला विचारलं, काका तिकडे गेले कधी? तो म्हणाला, 1966. पासपोर्टवर शिक्का आहे.

हे जुळत नव्हतं. 1962 नंतर न वापरलेलं संघटनेचं लेबल, 1963 आधीचं दुकानाचं लेबल, आणि घेणारा माणूस 1966 मध्ये पोचलेला. एक शक्यता अशी की दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेला माल काकांनी घेतला. दुसरी अशी की कोट त्यांच्याआधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेला होता. दोन्हींत फरक कसा करायचा?

उत्तर बाहीत होतं. बाहीच्या तोंडाशी अस्तर हाताने टाचलेलं होतं, आणि तो टाका बाकीच्या कोटातल्या हातशिलाईपेक्षा वेगळा, लांब, जरा घाईचा. धागाही वेगळा, जरा चकाकणारा. दोन्ही बाह्यांचे काही टाके उसवून पाहिलं तर आत दीड इंच कापड जास्त दुमडून ठेवलेलं. आणि त्या आत गेलेल्या कापडावर एक जुनी घडी होती. आत्ताच्या कडेपासून दीड इंचावर, सरळ, घट्ट, आणि *झिजलेली*. घडीच्या टोकावर लोकरीची लव गेली होती, वीण उघडी पडली होती. नव्या कोटाची बाही दुकानात आखूड करून दिली असती तर आत गेलेली घडी कोरी असती. ही घडी टेबलांवर, दारांवर, कुणाच्या तरी मनगटावर दोन-तीन हिवाळे घासली गेली होती. कोट आधी लांब हातांच्या माणसाने वापरला आणि मग आखूड हातांच्या माणसासाठी बाह्या वर घेतल्या गेल्या.

मी काकूंना भेटायला गेले. "काकू, हा कोट काकांनी नवा घेतला होता का, आठवतंय तुम्हाला?" त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी त्यांनी नवं काहीच घेतलं नव्हतं. पैसे कुठे होते? मला पत्रात लिहायचे, थंडीची सोय झालीय, काळजी करू नकोस. सोय झालीय, एवढंच." मग बाहीची दुमड त्यांनी स्वतः बोटांनी चाचपली. "हा टाका त्यांचाच असणार. ते बटणं पण असेच लावायचे. लांब टाका आणि शेवटी तीन गाठी." मी पाहिलं. तीन गाठी होत्या.

पुतण्याला ही गोष्ट महायुद्धाहून कमी वाटली. मला ती जास्त वाटली. पण जाहिरातीत दोन्ही घालायच्या नव्हत्या. जाहिरातीत जायचं ते फक्त हे, की बाहीत दीड इंच कापड शिल्लक आहे आणि जुनी घडी झिजलेली आहे.

शुद्ध लोकर, पण कितपत

अमेरिकेत लोकरी मालावर कोणता तंतू किती टक्के ते लिहिण्याचा कायदा 1940 साली झाला (नावात साल 1939 असलं तरी) आणि 1941 पासून लागू आहे. त्यामुळे या कोटावरही कधीतरी तसा टॅग लागलेला असणार. पण तो कधीच गेला. मग हेमच्या, म्हणजे कोटाच्या खालच्या दुमडीच्या, आतल्या दाबून ठेवलेल्या कापडातून उभा एक आणि आडवा एक असे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळले. दोन्ही नाखुशीने जळले, ज्योत दूर केल्यावर विझले, केस जळल्याचा वास आला, आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरगळली. सिंथेटिक धागा असता तर वितळून कडक मणी झाला असता. अस्तराचा धागा कागदासारखा भुरकन जळला, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनणारं रेयॉन.

या चाचणीची मर्यादा विक्रेते सांगत नाहीत. लोकर कळते, लोकरीचं *पूर्वायुष्य* कळत नाही. त्या कायद्यात नवी लोकर, पुन्हा पिंजलेली लोकर आणि वापरलेल्या कपड्यांतून परत काढलेली लोकर अशा वेगळ्या नोंदी होत्या, कारण तिन्हींचं आयुष्य सारखं नसतं. जाळल्यावर मात्र तिन्ही सारख्याच वासाने जळतात. थोडी दुसरी भेसळ असेल तर तीही दोन धाग्यांत हमखास सापडेल असं नाही. म्हणून 'शुद्ध' हा शब्द मी काढला आणि लिहिलं: लोकर, धागा जाळून पाहिला आहे, टक्केवारीचं लेबल नाही.

पुतण्याला धुवून चमकवायचाही होता. वॉशिंग मशीनच्या उल्लेखानेच माझा जीव वरखाली झाला. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. मेल्टन कापड जाणूनबुजून असंच बनवतात. घरी मात्र कोट दोन मापं लहान होतो, आणि छातीला आकार द्यायला आत घातलेलं ताठ कापड, कॅनव्हास, आटत नसल्यामुळे छातीवर फुगे येतात ते वेगळेच. कोटाला मी फक्त मऊ ब्रशने लवीच्या दिशेने झाडलं आणि लांबून वाफ दिली.

कसर

"उत्तम स्थिती" हे वाक्य दिवसाच्या उजेडात दहा मिनिटंही टिकलं नाही.

कॉलर उभी केली. आतल्या बाजूला तीन भोकं, तांदळाच्या दाण्याएवढी. डाव्या खिशाच्या झाकणाखाली एक, त्याहून मोठं. भोकांपाशी वाळूसारखे बारीक कण, पण रंग कोटाचाच. ती अळीची विष्ठा. जे खाल्लं त्याच रंगाची असते, म्हणून लोक तिला धूळ समजून झटकतात. आणि खिशाच्या कोपऱ्यात रेशमासारखं जाळं. ही कपड्यांच्या पतंगाची कसर. उडणारा पतंग काही खात नाही, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. खाते ती अळी. तिला लोकर, केस, पिसं यांतलं केराटिन हे प्रथिन पचवता येतं, जे फार थोड्या जिवांना जमतं. आणि तिला नुसती स्वच्छ लोकर पुरत नाही. घाम, तेल, सांडलेलं अन्न लागलेली जागा ती आधी गाठते. म्हणूनच कॉलरची आतली बाजू, खिशांची झाकणं, काखा. भोकं उजेडात कधी नसतात.

ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. मग कसर लागली कशी? कारण गोळ्यांची वाफ बंद जागेत दाट झाली तरच काम करते, आणि या ट्रंकेचं झाकण एका बाजूने वाकलेलं होतं. वास घर भरून होता, उपयोग नव्हता. शिवाय त्या वासाने नवी अडचण केली. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनचा दर्प लोकरीत मुरतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विशिष्ट एन्झाइमची कमतरता असते, आणि अशा बाळांना नॅफ्थलीनने रक्तपेशी फुटण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. घेणाऱ्याच्या घरी तान्हं मूल असेल की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून वास अत्तराने दाबायचा नाही, सावलीत, वाऱ्यावर टांगून घालवायचा. याला जवळजवळ पाच आठवडे लागले. पुतण्याचा धीर याच काळात सगळ्यात जास्त सुटला.

त्याआधी अळ्या मारल्या. कोट जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून, चिकटपट्टीने बंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडली नाही. थंड कापडावर खोलीतली हवा लागली की दव धरतं, आणि ओली लोकर ही पुढच्या संकटाची सुरुवात. रफू त्यानंतरच. जिवंत अळी असलेल्या कोटावर रफू करून घेणं म्हणजे तिला ताजं पान वाढणं.

रफूगारांनी धागे हेमच्या आतल्या कापडातून घेतले, म्हणजे तोच रंग, तेवढंच वय. खिशाखालचं भोक त्यांनी वीण धरून असं भरलं की मला बोटानेच सापडतं, नजरेने नाही. कॉलरखालची तीन तशीच ठेवायला मी सांगितलं. ती दिसत नाहीत, कापड तिथे भक्कम आहे, आणि घेणाऱ्याला खरी स्थिती बघता येते. पुतण्या म्हणाला, "मग भरलेलं भोक तरी कशाला सांगायचं? दिसतच नाही." मी म्हटलं, तू ते न सांगता विकलंस तर दिसत नाही हाच त्याचा दोष होईल, आणि सांगून विकलंस तर तोच गुण. मोजपट्टी शेजारी ठेवून चारही जागांचे फोटो काढले, रफूच्या आधीचा आणि नंतरचाही.

माझी चूक

मजकूर गेला, आणि आठवड्यात कोट विकला गेला. पंधरा दिवसांत परत आला.

मी मजकुरात लिहिलं होतं: छाती 48 इंच. कोट बटणं लावून सपाट पसरला, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलं, 24 इंच आलं, दुप्पट केलं. मोजमाप अचूक होतं. घेणाऱ्या गृहस्थांची स्वतःची छाती 47. त्यांनी 48 वाचलं आणि इंचभर सैल बसेल असं धरलं. कोट त्यांच्या अंगात गेला, बटण लागलं नाही. ओव्हरकोट हा जाकिटावर घालायचा कपडा. शरीराच्या मापापेक्षा तो पाच-सहा इंच मोठा कापलेलाच असतो. हा कोट दुकानात 42 नंबरचा म्हणून विकला गेला असणार. मापाची चिठ्ठी गेलेली, आणि मी कोटाचं माप लिहिलं, माणसाचं लिहिलं नाही. हे मला कळायला हवं होतं. त्यांचा जाण्यायेण्याचा पाठवणीखर्च मी दिला.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर पुतण्याने परस्पर दिलं होतं: खांदा किती? रॅग्लन कोटाला खांद्याची शिवणच नसते, त्यामुळे खांदा मोजताच येत नाही. पुतण्याने अंदाजाने जिथे खांदा वाटला तिथून तिथे टेप लावला. अशा कोटाची बाही मोजायची ती पाठीमागे कॉलरच्या मध्यापासून थेट मनगटापर्यंत, आणि घेणाऱ्यालाही तसंच स्वतःचं माप घ्यायला सांगायचं.

कोट परत आला तो कोंबून भरलेला. पुन्हा वाफ, पुन्हा रुंद लाकडी हँगरवर दोन दिवस. मग मजकूर नव्याने लिहिला. तो असा:

"पुरुषांचा लोकरी ओव्हरकोट, हेरिंगबोन, तपकिरी-हिरवा, रॅग्लन बाह्या, झाकलेली बटणपट्टी. अमेरिकेत शिवलेला, नागरी वापराचा. कामगार संघटनेच्या आणि दुकानाच्या लेबलांवरून 1949 ते 1962 या काळातला. लोकर (धागा जाळून पाहिला, टक्केवारीचं लेबल नाही), अस्तर रेयॉन. छातीचं शारीरिक माप 40 ते 42 इंच असलेल्या माणसाला, आत जाकीट घालून. कोट सपाट ठेवून काख ते काख 24 इंच. पाठीमागे कॉलरच्या मध्यापासून मनगटापर्यंत साडेतेहतीस इंच, आत दीड इंच कापड शिल्लक, त्यावर जुनी झिजलेली घडी आहे, बाही लांब केल्यास ती दिसेल. पाठीची लांबी 43 इंच. वजन 2 किलो 600 ग्रॅम. कसरीची चार भोकं: तीन कॉलरखाली, न भरलेली, एक डाव्या खिशाखाली, रफू केलेलं. उजव्या काखेत अस्तराची शिवण पुन्हा घातली आहे. वरून दुसरं बटण मूळचं नाही. कोट गोठवून कीडमुक्त केला आहे. डांबरगोळ्यांचा वास फार हलका उरला आहे, तान्हं मूल घरात असल्यास आणखी काही दिवस हवेशीर टांगावा."

पहिल्या मजकुराच्या किती पट लांब झाला बघा. पुतण्याला वाटलं, एवढे दोष वाचून कुणी फिरकणार नाही. नेहमीचा अनुभव उलटा आहे, निदान माझा तरी. ज्याला असा कोट खरंच घालायचा असतो तो दोषांची यादी वाचूनच पुढे येतो, कारण यादीत नसलेलं काही निघणार नाही याची त्याला खात्री वाटते.

तीन जणांनी विचारलं. एकाने फक्त कॉलरखालच्या भोकांचा आणखी जवळून फोटो मागितला आणि मग गप्प झाला. दुसऱ्याला कोट लष्करी हवा होता. तिसरा उंच, हाडकुळा तरुण. त्याने पाठीमागून मनगटापर्यंतचं स्वतःचं माप मोजून पाठवलं: पस्तीस इंच. साडेतेहतीस अधिक दीड. त्याने विचारलं, बाही पूर्ण सोडली तर ती झिजलेली घडी कितपत दिसेल?

मी बाहीचे उसवलेले टाके थोडे आणखी उसवले, घडी उजेडात धरली आणि फोटो पाठवला. लिहिलं की वाफेने घडी मोडेल, पण गेलेली लव परत येणार नाही. मूळच्या कडेवरच वीण उघडी दिसेल, आणि काकांची नवी कड जिथे होती तिथेही एक फिकट रेघ राहील. हवं असेल तर रफूगार कडेला बारीक पट्टी लावून देतील.

पट्टी नको म्हणाला. कोट पाठवायच्या आदल्या दिवशी काकूंनी काकांचे टाके स्वतःच्या हाताने उसवले आणि धागा काढून ठेवला. महिन्याभराने त्या मुलाचा फोटो आला. बाह्या मनगटापर्यंत पुऱ्या आलेल्या, आणि दोन्ही बाह्यांवर, कडेपासून दीड इंचावर, ती फिकट रेघ.